बापाकडून आलेलं अर्धं

जिना चढून वरच्या मजल्यावर पाय ठेवला आणि रुपराव नगराळ्यांना फिनेलचा वास आला. वास काही नवा नव्हता. दर दसऱ्याला प्राणिशास्त्र विभाग धुतला जायचा, दोन दिवस सगळ्या मजल्याला इस्पितळाची कळा यायची आणि मग पुन्हा फॉर्मॅलिनचं राज्य सुरू व्हायचं. पण आजचा वास व्हरांड्याच्या टोकाकडून येत होता, आणि टोकाला त्यांचीच खोली होती. एवढ्या वर्षांत त्या खोलीतून कधी फिनेलचा वास आला नव्हता, कारण फिनेलची बाटली तिच्या उंबऱ्याच्या आत जाऊ नये यासाठी त्यांनी किती तरी चपराशांशी वाईटपणा घेतला होता. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. त्यातला झेंडू अजून ताजा होता. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत फरशी इतकी लख्ख होती, की तिच्यात खिडकी दिसत होती. मायक्रोस्कोपच्या गळ्यात माळ, नळीवर हळदीकुंकवाची बोटं. आणि भिंतीलगतची लोखंडी मांडणी खालपासून वरपर्यंत रिकामी. नुसती रिकामी नव्हे, पुसलेली. खालच्या फळीच्या कोपऱ्यात साचलेल्या फिनेलची अजून ओल होती. ते त्या ओलीकडे बघत उभे राहिले. काय झालं ते त्यांना केव्हाच कळलं होतं, फक्त ते मनात शिरू नये म्हणून ते ओलीकडे बघत होते.

मांडणीवर कोहळी असायची. लाल भोपळ्याला इकडे कोहळंच म्हणतात. प्रत्येक कोहळ्यावर पांढरा, पिठूळ थर. लांबून पाहणाऱ्याला बुरशी वाटावी असा. जवळ जाऊन भिंग धरलं तर तो थर हलायचा. पिठ्या ढेकूण. संत्र्याच्या बागायतदाराचा वैरी, आणि रुपराव नगराळ्यांचं बारा वर्षांचं आयुष्य. लोकांनी वाघावर काम केलं, मोरावर केलं, त्यातल्या कुणाकुणाचे फोटो पेपरात आले. नगराळे किड्यावर काम करतात, तेही संत्र्यावरच्या, असं सांगताना त्यांची बायको गोपिकासुद्धा आवाज जरा खाली आणायची. पण त्या किड्यात एक गोष्ट अशी होती, की ती पहिल्यांदा वाचली तेव्हा रुपराव वाचनालयातून उठून बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले होते. प्रत्येक जीवाला गुणसूत्रांचा अर्धा वाटा आईकडून मिळतो आणि अर्धा बापाकडून. या किड्याच्या मुलींमध्ये दोन्ही वाटे बोलतात. मुलग्यांत मात्र बापाकडून आलेलं अर्धं अंड्यातच गोळा होऊन मुकं पडतं. असतं, पेशीपेशीत असतं, रंग दिला की काळ्या गाठीसारखं दिसतं, पण मुलग्याच्या देहात त्याचा शब्द चालत नाही. आणि मुलगा पुढे बाप होतो तेव्हा ते अर्धं त्याच्या पोरांपर्यंत जातही नाही. गुणसूत्रात काही बदललेलं नसतं. आहे तेच, फक्त गप्प. असं का व्हावं, कोण गप्प बसवतं, हे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. या अभ्यासाला धड नावसुद्धा मिळालेलं नव्हतं.

"या या, रुपराव! कशी वाटली खोली?" मागून विभागप्रमुख मधुकरराव देशकर आले. हसतमुख माणूस. पांढरी पँट, बुशशर्ट, पान. "परवा आख्खा विभाग लागला होता तुमच्या खोलीला. म्हटलं, इतक्या वर्षांनी दार उघडलं आहे तर व्हायचं ते नीट होऊ द्या. ओमप्रकाशनं तर कमाल केली."

रुपरावांनी मांडणीकडे बोट केलं.

"ती सडकी कोहळी ना? अहो, पार बुरशी चढली होती. काय वास! ओमप्रकाश, ए ओमप्रकाश, सरांना सांग बरं."

चपराशी ओमप्रकाश झाडू हातात घेऊनच आला. शाबासकी मिळणार म्हणून त्याचा चेहरा आधीच फुलला होता. "पूरा साफ करून टाकलं साहेब. मांगच्या नालीपाशी फेकून देल्ले सगळे. गायी आल्या, डुकरं आले, दहा मिनटात साफ. चिठ्ठ्या चिपकवल्या होत्या फळीवर, त्याही घासून काढल्या. एकच कोहळं बरं होतं, त्याच्यावर थोडंसंच पांढरं होतं. ते पूजेत कापलं."

खंडेनवमीला हत्यारांपुढे, यंत्रांपुढे कोहळं कापायची रीत. बळी म्हणून. कापलेल्या भकलांना कुंकू चोपडून ती दाराच्या दोन बाजूंना ठेवायची. रुपरावांनी खाली पाहिलं. होतीच ती, तोरणाखाली, लालभडक. येताना दिसली नव्हती.

"काही महत्त्वाचं होतं का?" मधुकररावांचं हसू जरा उतरलं.

"किडे होते," रुपराव म्हणाले.

"मग पुन्हा वाढवा की. काटोलला जा, पोतंभर मिळतील. मला वाटलं काय झालं अन् काय नाही." त्यांनी रुपरावांच्या खांद्यावर हात ठेवला. खरोखर मायेनं ठेवला, त्यात खोट नव्हती. खोट असती तर रुपराव ओरडले असते, भांडले असते, माळ ओरबाडून फेकली असती. त्या हाताखाली ते तसेच उभे राहिले.

काटोलचे किडे पोतंभर मिळतात हे खरंच होतं. पण हे काटोलचे राहिले नव्हते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात खोलीतला कूलर बंद पडला. नागपूरचा मे तो. बाहेर डांबर वितळत होतं, आणि कोहळ्यांवरचा थर वाळून टरफलासारखा गळायला लागला. रुपरावांनी खिडकीला ओली पोती बांधली, दिवसभर पाणी मारत राहिले, तरी जवळजवळ सगळे मेले. जे थोडे जगले त्यांची पिलं वाढवली. मग एकदा सहज एका नराच्या पेशींना रंग देऊन पाहिलं आणि काळी गाठ सापडेना. दुसरा नर पाहिला, तिसरा पाहिला. गाठ उकललेली होती. बापाकडून आलेलं अर्धं जागं होतं. त्यांनी दारं लावून घेतली आणि स्टुलावर बसून राहिले. पुढच्या पिढीला ऊन लागू दिलं नाही, कूलर दुरुस्त झाला होता, तरी त्यांच्यातही तेच. त्याच्या पुढच्या पिढीतही तेच. गुणसूत्रं तीच, अक्षरही बदललेलं नाही, आणि एका उन्हाळ्यानं जागं केलेलं पिढ्यान्पिढ्या जागं राहिलेलं. हे होत नाही असं सगळी पुस्तकं सांगत होती. परदेशी नियतकालिकाकडे लेख पाठवला तर उत्तर आलं, रंग नीट बसला नसावा, फोटो पुसट आहेत. फोटो पुसट होतेच. विभागाचा कॅमेरा तो, त्यात माणूससुद्धा पुसट यायचा. शेवटी या वर्षी इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेनं कबूल केलं: जिवंत किडे पाठवा, आम्ही आमच्या हातानं पाहू. उन्हात टपालात मेले असते म्हणून रुपराव थंडीची वाट पाहत होते. दिवाळी झाली की पाठवायचे होते.

एवढी मोलाची वस्तू, ती एकाच खोलीत का ठेवली? दुसऱ्या कुणाकडे चार कोहळी द्यायची होती. हा प्रश्न पुढे त्यांना पुष्कळांनी विचारला, आणि त्याला त्यांच्याकडे उत्तर होतं: मिसळ होईल, शुद्ध राहणार नाही. पण ज्या प्रश्नाला उत्तर नव्हतं तो कुणी विचारला नाही. चावी का दिली?

चावी कधीच दिली नव्हती. दर वर्षी खंडेनवमीला विभागातल्या सगळ्या खोल्यांत पूजा व्हायची आणि टोकाच्या खोलीला कुलूप असायचं. दसऱ्याला नगराळ्यांचं घर माणसांनी भरलेलं असे. भंडाऱ्याकडून, पवनीकडून नातेवाईक दीक्षाभूमीसाठी येत, अंगणात चुली पेटत, आणि रुपराव दोन दिवस रजेवर असत. कुणी काही बोलत नसे. फक्त एकदा, स्टाफरूमच्या दारात पाऊल टाकताना त्यांच्या कानावर पडलं होतं, "नगराळ्यांच्या खोलीत आपले देव चालत नाहीत." त्यावर कुणी तरी हसलं होतं. ते हसणं काही विषारी नव्हतं. पण ते त्यांच्या अंगात राहून गेलं, दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं. या वर्षी मधुकरराव स्वतः आले होते. म्हणाले, "रुपराव, यंदा तुमच्याही मायक्रोस्कोपला एक फूल वाहू द्या हो आम्हाला. तुमचं काम आता इंग्लंडला चाललं. विभागाचं नाव होणार." किती चांगलं बोलले. आणि रुपरावांना एकदम वाटलं, की आपण किती वर्षं या माणसांसमोर कुलूप लावून बसलो आहोत. त्यांनी खिशातून चावी काढली. काढताना, देताना, एक वाक्य त्यांच्या जिभेवर पुरतं तयार होतं: फक्त त्या कोहळ्यांना हात लावू नका.

आणि ते वाक्य बाहेर पडलं नाही. हात लावू नका. मधुकरराव देशकरांना, धोंडबा नगराळ्याच्या पोरानं सांगायचं, हात लावू नका. याच्या उलट बाजूनं हेच शब्द त्यांनी लहानपणी इतक्या वेळा ऐकले होते. विहिरीवर, हॉटेलाच्या कपबशीपाशी, शाळेच्या माठापाशी. त्या गोड घटकेला ते शब्द आपल्या तोंडून जायला नकोत असं वाटलं. मधुकररावांना त्यात दुसरं काही ऐकू आलं तर? म्हणून ते फक्त हसले. "करा ना सर," म्हणाले. चावी रुपरावांच्या हातातून मधुकररावांच्या हातात गेली. सगळं मिळून एक क्षण लागला असेल.

धोंडबानं अशी चावी दिली नसती. धोंडबा गिरणीत कातणखात्यात होता. छप्पन साली तो पांढरं धोतर नेसून, वीस वर्षांच्या रुपरावला बरोबर घेऊन दीक्षेच्या त्या अफाट गर्दीत उभा राहिला, आणि घरी येऊन त्यानं कोनाड्यातले देव एका पोत्यात भरले. म्हसोबा, मरीमाय, बायकोच्या माहेरचे टाक. पोतं खांद्यावर टाकून नागनदीच्या पुलावर गेला. रुपराव मागे होता. पोतं पाण्यात पडल्याचा आवाज फार छोटा आला. त्यानंतरच्या खंडेनवमीला गिरणीत साच्यांची पूजा झाली तेव्हा धोंडबा हात मागे बांधून बाजूला उभा राहिला. खात्याच्या मुकादमानं, जॉबरनं, प्रसाद पुढे केला तर म्हणाला, "साच्याले तेल पाहिजे, कुंकू नाही." त्यापायी त्याला महिनाभर बदलीवर टाकलं, कुणी गैरहजर असेल त्या दिवशीच काम आणि मजुरी. घरी त्यानं याचा एक शब्द काढला नाही. ही गोष्ट रुपरावांना बाप मेल्यावर तिरडीपाशी त्याच्या जोडीदाराकडून कळली. तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता. आता त्या कुंकवाच्या बोटांकडे बघताना त्यांना अंगभर लाज वाटत होती. ही शिक्षा आहे असं काही त्यांना वाटलं नाही. शिक्षा देणारं कुणी वर बसलेलं नाही, हे ते बापाइतकंच मानत होते. तसं कुणी असतं तर बरं झालं असतं. निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

दुपारी त्यांची संशोधक विद्यार्थिनी आली. प्रेमिला काळमेघ, काटोलकडच्या संत्रेवाल्या शेतकऱ्याची मुलगी. दसऱ्याला गावी गेली होती. तीन वर्षांचं तिचं काम, तिचा सगळा प्रबंध या मांडणीवर उभा होता. दारातच ती थबकली. मग तिनं बॅग खाली ठेवली, मागच्या जिन्यानं उतरून नालीपाशी जाऊन आली. साडीचे काठ चिखलानं भरले होते. "काहीच नाही सर," एवढंच म्हणाली. आणि मग उंबऱ्यापाशी ती खाली बसली. कापलेलं भकल उचलून देठाशी नख लावून बघत राहिली. "सर, भिंग द्या."

देठाच्या खाचेत, कुंकू पोचलं नव्हतं तिथे, एक मादी होती. पोटाखाली कापसासारखी अंड्यांची पिशवी. जिवंत.

त्यानंतरचे दिवस रुपरावांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस होते, कारण त्यांत आशा होती. सगळं मेलं असतं तर माणूस रडून मोकळा होतो. नव्या कोहळ्यावर ती मादी सोडली. अंडी फुटली, पिवळट कणांएवढी पिलं हिंडायला लागली. रुपराव वर्गात शिकवताना मधेच थांबायचे, घरी ताटावरून उठायचे. म्हाताऱ्या प्रयागबाईला, त्यांच्या आईला, मुलाचं चित्त थाऱ्यावर नाही हे दिसत होतं.

"काहून असा करून राहिला गा? तब्येत बरी नाही काय?"

"किडे मेले माय."

"मेले त मेले. किड्यासाठी कोणी जेवण सोडते काय?" मग थोड्या वेळानं, भाकरीचा तुकडा त्याच्या ताटात सरकवत ती म्हणाली, "तुह्या बापाले म्या इचारलं होतं, देव बुडवले, आता मनात भेव वाटलं त कोनाकडे पाहावं? त म्हने, पोराकडे पाहाजो."

रुपरावांनी भाकरी मोडली.

त्यांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती, आणि तीच सगळ्यात मोठी होती. मांडणीवर दोन बाजू असायच्या. डावीकडे उन्हातून वाचलेला वंश. उजवीकडे, ताडून पाहण्यासाठी, काटोलचे साधे किडे. फळीवरच्या चिठ्ठ्यांवरून ओळखायचं. ओमप्रकाशला त्यांनी समोर बसवून, चहा पाजून विचारलं, "आठवून सांग. जे कोहळं कापलं ते डाव्या बाजूचं होतं का उजव्या?" ओमप्रकाश बिचारा घाबरला. एकदा म्हणाला डावं. मग रुपरावांचा चेहरा उजळलेला पाहून म्हणाला, "हां साहेब, डावंच. पक्कं." तेवढ्यानंच रुपरावांना कळलं, की त्याला काही आठवत नाही.

नर मोठे झाले तेव्हा हवेत गारवा आला होता. इंग्लंडला किडे पाठवायला अगदी योग्य हवा. प्रेमिलानं पेशी काढल्या, रंग दिला, काचेवर काच दाबली. तिचा हात आता रुपरावांपेक्षा स्थिर होता. पहिल्यांदा त्यांनी पाहिलं. प्रत्येक पेशीत एका कडेला काळी गाठ. दुसरा नर, गाठ. तिसरा. ते बघत राहिले, प्रेमिला काचा बदलत राहिली, आणि संध्याकाळपर्यंत एकाही नरात, एकाही पेशीत बापाकडून आलेलं अर्धं जागं नव्हतं. मादी उजव्या बाजूची असेल. साध्या किड्याची साधी पोरं. एवढंच असेल तर वंश मेला, दुःख झालं, संपलं. पण दुसरंही एक होतं आणि ते आता खोलीत त्यांच्याबरोबर बसलं होतं. मादी डाव्या बाजूची असेल तर? तर गाठ मुळात कधी उकलली तरी होती का? ज्यांनी फोटो पाहिले त्यांना ती उकललेली दिसली नाही. ते म्हणाले, रंग बसला नसावा. मेच्या त्या उन्हात, झोप नाही, जेवण नाही, अशा अवस्थेत स्टुलावर बसलेल्या माणसानं भिंगातून पाहिलं, आणि त्याला जे पाहायचं होतं ते... रुपरावांनी डोळे मिटले. बापाचा शब्द पोरात कुठे तरी चालतो, हे पाहायची आपल्याला किती भूक होती ते त्यांना माहीत होतं. तशी भूक घेऊन भिंगाशी बसू नये, हे ते दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवत होते.

"प्रेमिला," ते म्हणाले, "तू पाहिलं होतंस ना? पहिल्या वर्षी. डाव्या बाजूचे नर."

ती ड्रॉपरचं रबर दाबत, सोडत राहिली. खोटं बोलणारी मुलगी नव्हती ती. आणि तिला त्यांचा जीव तोडायचा नव्हता, हेही दिसत होतं.

"तुम्ही दाखवलं की मले दिसत होतं सर," ती म्हणाली. बोलताना ती गावाकडच्या बोलीत गेली, हे तिचं तिलाही कळलं नाही. "एकटीनं पाहिलं की कधी दिसे, कधी नाही दिसे. मले वाटे, माह्याच नजरेत कमी आहे."

रुपरावांनी मान हलवली. तिची नजर चांगली होती. विभागात तिच्याएवढी चांगली नजर कुणाची नव्हती. त्यांनी तिला सांगितलं, की उद्यापासून साध्या किड्यावर नवा विषय घेऊ, वर्षभरात होईल, काळजी करू नको. ती हो म्हणाली, काचा धुवायला नळाखाली धरल्या आणि पाठमोरी होऊन बराच वेळ धूत राहिली. आता हे कधीच कळणार नव्हतं. ना तिला, ना त्यांना, ना इंग्लंडातल्या कुणाला. आपल्या हातून काही थोर घडलं आणि गेलं, का काही घडलंच नव्हतं, हे न कळता त्यांना अजून वीस-बावीस वर्षं याच जिन्यानं वर यायचं होतं. व्हरांड्यात मधुकरराव भेटले आणि हसून म्हणाले, "काय रुपराव, वाढले की नाही किडे?" रुपराव म्हणाले, "वाढले सर. भरपूर वाढले."

दुसऱ्या दिवशी सकाळी एम.एस्सी.चा तास होता. गुणसूत्रांचाच पाठ. वर्ग भरलेला, मागच्या बाकांवर खुसखुस, बाहेर माळी झाडांना पाणी देत होता. रुपरावांनी फळ्यावर नराची पेशी काढली, तिच्यात खडू आडवा घासून गाठ भरली. नराच्या देहात बापाकडून आलेलं अर्धं मुकं असतं, ते म्हणाले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं, गोंदियाहून नवीन आलेली होती, हात वर केला.

"नेहमीच, सर? कुठल्याच परिस्थितीत ते जागं होत नाही?"

रुपराव फळ्याकडे वळले. गाठ नीट भरली नव्हती, कडेनं थोडा काळा फळा दिसत होता. त्यांनी तेवढा भाग खडूनं पक्का केला.

"नाही," ते म्हणाले. "कुठल्याच नाही."

मुलांनी ते लिहून घेतलं.